नदीच्या डोहातील जेलीफिश
प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे चरित्र

वाशीम जिल्ह्यातील आमच्या पुष्कळ वाचकांनी समुद्र पाहिलेला नाही. पैनगंगा, काटेपूर्णा व अडाण ह्या नद्या त्यांच्या परिचयाच्या आहेत. समुद्रातील जीवांची हकीकत मात्र त्यांस दूरदेशीची वाटणे साहजिक आहे. म्हणून ज्या गृहस्थांनी सागरी कुळातील एक जीव महाराष्ट्राच्या नदीत शोधून काढला, त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणातील मालवण येथे झाला. त्यांचे शिक्षण मालवण, रत्नागिरी व धारवाड येथे होऊन पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पुरे झाले. १९०९ साली ते एम. ए. झाले व त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. सुटी मिळाली की ते सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडत आणि वनस्पती व प्राणी गोळा करीत.

ज्या कुळाशी त्यांचे नाव जोडले गेले, त्याची थोडी ओळख येथे करून देणे अवश्य आहे. जेलीफिश हा नावाने मासा खरा, पण त्यास ना काटा, ना कल्ले. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, रक्तही नाही. उघडलेल्या छत्रीसारखे त्याचे शरीर बहुतांशी पाण्याचेच बनलेले असते. समुद्रफूल हे त्याचेच भावंड होय. ते खडकास चिकटून राहते आणि दिसते फुलासारखे, परंतु त्याच्या पाकळ्या म्हणजे भक्ष्य धरण्याचे हातच होत. तिसरे भावंड प्रवाळ. हे इवलेसे जीव आपल्या अंगाभोवती चुन्याचा सांगाडा रचतात आणि पिढ्यानुपिढ्या एकावर एक रचत समुद्रात मोठमोठे खडक उभे करतात. आपल्या बायकांच्या गळ्यातील खरे पोवळे हादेखील अशाच जीवांचा सांगाडा आहे. ह्या सर्वांची खूण एकच. त्यांच्या अंगावर सूक्ष्म पेशी असतात व प्रत्येकीत गुंडाळी केलेला एक धागा असतो. स्पर्श होताच तो बाणासारखा सुटतो व भक्ष्यात विष सोडतो. ह्या कुळाच्या दहा हजारांवर जाती आज ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेक सर्व खाऱ्या पाण्यातच राहतात. गोड्या पाण्यातील जाती अगदी थोड्या.

अशा स्थितीत १९११ च्या सुमारास आघारकरांना साताऱ्याकडील सह्याद्रीत, कृष्णेस मिळणाऱ्या नद्यांच्या पाण्यात, लहान नाण्याएवढ्या पारदर्शक जेलीफिश पोहताना आढळल्या. त्या गणातील जीव तोपर्यंत केवळ आफ्रिकेतच माहीत होते. त्या पाण्यावर गुरे येत होती, बाया घागरी भरीत होत्या. पण तेथे काय पोहत आहे, ह्याची नोंद शास्त्रात नव्हती.

एवढा शोध लागल्यावर एखादा तरुण फुशारून गेला असता. आघारकरांचा ह्या निमित्ताने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनन्डेल यांच्याशी परिचय झाला. ॲनन्डेल यांनी त्या जीवाचे वर्णन करून त्यास लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. त्या नावात शोधकर्त्याचे नाव नाही. आघारकर मात्र त्या म्युझियममध्ये विद्यार्थी होऊन शिकले.

पुढे कलकत्ता विश्वविद्यालयाने त्यांस वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले व अधिक अध्ययनार्थ जर्मनीस पाठविले. इतक्यात १९१४ चे महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रूच्या देशात स्थानबद्ध झाले. घर दूर, युद्धाचा शेवट अज्ञात, आणि अभ्यास अर्धवट! तथापि त्यांनी तो सोडला नाही. सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिन येथे वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांच्या हाताखाली काम केले व १९१९ साली डॉक्टरची पदवी मिळविली. त्यानंतर कलकत्त्यास परतून त्यांनी १९४६ पर्यंत अध्यापन केले.

निवृत्तीचे वय म्हणजे विसाव्याचे वय, असा सामान्य समज आहे. आघारकरांनी मात्र साठी उलटल्यावर, १९४६ सालीच, पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ह्या संशोधनसंस्थेचा पाया घातला व तिचे पहिले संचालकपद सांभाळले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे देहावसान झाले. १९९२ साली त्या संस्थेस आघारकर संशोधन संस्था असे नाव देण्यात आले.

आमचे चरित्रनायक ख्रिस्तमंडळीतील नव्हते. परंतु त्यांच्या आयुष्याचा बोध मंडळीने घेण्याजोगा आहे. विशाल समुद्रातील अगणित जीवांकडे स्तोत्रकर्ता १०४ व्या स्तोत्रात आपले लक्ष वेधतो. ज्याने समुद्र भरला, त्यानेच आपल्या गावचा डोहही भरला आहे. ह्याच कुळातील हायड्रा नावाचा, काही मिलिमीटर लांबीचा जीव स्वच्छ तळ्यातील पाणवनस्पतीस चिकटून राहतो. आमच्या प्रचारक बंधूंनी शब्बाथशाळेच्या मुलांसह काचेच्या भांड्यात असे पाणी व वनस्पती घेऊन उजेडात धीराने पाहावे. एखादे वेळी तो दृष्टीस पडेलही.

एक विनंती मात्र आग्रहाची आहे. कित्येक ठिकाणी उन्हाळ्यात डोहात विष कालवून मासे मारतात. एका दिवसाच्या त्या कालवणापायी पाण्यातील सान-थोर सर्व जीव मरतात, आणि ज्यांस अद्याप कोणी नावही दिले नाही, तेही त्यांतच जातात. आपल्या मंडळीतील कोणाचा हात ह्या कामी लागू नये. आपल्या गावचे पाणी क्षुद्र आहे असे मानण्यापूर्वी कृष्णेच्या खोऱ्यातील त्या नद्या आठवाव्यात.