घरोघरी निसर्गचित्रे नेणारा मुद्रक

उत्तम चित्र ही मूठभर धनिकांची मिरासदारी असावी, की सामान्य माणसाच्या भिंतीवरही त्याला स्थान असावे? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत हा वाद पेटला, तो मुख्यतः लुई प्रँग या मुद्रकामुळे. १८२४ साली प्रशियातील ब्रेस्लाव येथे जन्मलेला प्रँग कापडछपाई करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली रंगकाम शिकला. १८४८ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे त्याला मायदेश सोडावा लागला. १८५० मध्ये तो अमेरिकेस पोहोचला आणि पुढे बॉस्टन येथे शिळाछापाच्या धंद्यात शिरला. यादवी युद्धाच्या काळात रणक्षेत्रांचे नकाशे छापून त्याने आपला जम बसविला.

१८६४ साली युरोपात जाऊन रंगीत शिळाछापाचे तंत्र अभ्यासल्यावर त्याने तैलचित्रांच्या प्रतिकृती काढण्यास आरंभ केला. प्रत्येक रंगछटेसाठी स्वतंत्र दगड लागे आणि तोच कागद एकामागून एक अशा अनेक दगडांवर अचूक जुळवावा लागे. आरंभीचा खर्च मोठा. परंतु दगड एकदा सिद्ध झाले की प्रत्येक वाढत्या प्रतीचा खर्च अल्प. या साध्या हिशेबाच्या बळावरच अल्बर्ट बीअरश्टाटने रंगविलेला कॅलिफोर्नियाचा सूर्यास्त १८६८ मध्ये मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात पोहोचला. १८७६ मध्ये टॉमस मोरनच्या यलोस्टोन परिसरातील जलरंगचित्रांचा पंधरा प्रतिकृतींचा संच निघाला. मात्र साठ डॉलर किमतीचा तो संच सामान्यांच्या आवाक्याबाहेरच राहिला.

टीकाही कठोर झाली. 'नेशन' साप्ताहिकाचा संपादक गॉडकिन याने १८७४ मध्ये या रंगीत छापांनाच उथळ संस्कृतीचे प्रतीक ठरविले. प्रँग मात्र डगमगला नाही. शाळांसाठी चित्रकलेची पुस्तके व साहित्य त्याने पुरविले. १८७५ पासून अमेरिकेत नाताळची शुभेच्छापत्रे विकली आणि त्यांच्या चित्रांसाठी बक्षिसे लावून स्पर्धा घेतल्या. पुढे स्वस्त आयात मालाने त्याचा हा व्यवसाय खाल्ला. १८९७ मध्ये त्याची संस्था दुसऱ्या कंपनीत विलीन झाली व १९०९ साली लॉस एंजेलिस येथे तो निधन पावला.

प्रतिकृती मूळ चित्राची बरोबरी करू शकत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे खरेच होते. तथापि बहुसंख्य कुटुंबांपुढे अस्सल चित्राचा पर्याय कधी नव्हताच. त्यांना निवड करावयाची होती ती प्रतिकृती आणि कोरी भिंत यांमधून. प्रँगच्या टीकाकारांनी हा हिशेब मांडलाच नाही.