डॉ. आल्बेर काल्मेत व सर्पविषावरील औषध

डहाणू व तलासरी या तालुक्यांत भातलावणी सुरू झाली म्हणजे सर्पदंशाच्या वार्ता पाड्यापाड्यांतून येऊ लागतात. दंश झालेल्यास रुग्णालयात शिरेतून जे औषध देतात, ते घोड्याच्या रक्तापासून होते. हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते प्रचारात आणणाऱ्या फ्रेंच वैद्याचे हे चरित्र होय.

आल्बेर काल्मेत यांचा जन्म सन १८६३ त नीस शहरी झाला. आरंभी ते आरमारात वैद्य होते. सन १८९१ त ते सायगाव येथे प्रयोगशाळा स्थापण्यास गेले. त्याच साली तिकडील एका गावात पुरामुळे नाग घरांत शिरले. चाळीस जणांस दंश झाला व चौघे दगावले. त्यांतील काही नाग जिवंत धरून काल्मेत यांजकडे पाठविण्यात आले. पुढील सर्व कार्य तेथून निघाले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम सशांस व मागाहून घोड्यांस विषाच्या अत्यल्प मात्रा टोचून त्या हळूहळू वाढवीत नेल्या. असे केल्याने घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विषाचे मारक द्रव्य उत्पन्न होते. मग थोडे रक्त काढून त्यातील पाणी, म्हणजे रक्तजल, वेगळे करितात. त्या मुक्या जनावरास सुयांचे दुःख होतेच, हेही येथे सांगितले पाहिजे.

नागाच्या विषावरील रक्तजल सर्व सापांवर चालेल, अशी काल्मेत यांची समजूत होती. ती टिकली नाही. घोणशीच्या विषावर त्याचा उपयोग होत नाही, असे मुंबईस कॅप्टन जॉर्ज लॅम यांस आढळले. म्हणून आज भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालणारे एकच औषध करितात. तेव्हा साप ओळखण्यासाठी त्याच्यामागे धावण्यात वेळ दवडू नये. मण्यार तर रात्री निजलेल्यास चावते, दंशाची खूणही बहुधा दिसत नाही, आणि पहाटे पोट दुखून पापण्या मिटू लागतात. अशा वेळी रोग्यास आधी भगताकडे नेले तर तेवढ्यात श्वास कोंडतो; मग रक्तजल दिले तरी ते पुष्कळदा पुरे पडत नाही.

पुढे गेरँ नामक पशुवैद्यांसह काल्मेत यांनी गाईच्या क्षयजंतूपासून तेरा वर्षांच्या खटपटीने बी.सी.जी. लस सिद्ध केली. तान्ह्या मुलांच्या दंडावर टोचतात ती हीच. सन १९२१ त ती प्रथम एका बालकास देण्यात आली. सन १९३० त जर्मनीतील ल्युबेक येथे ती दिलेली सत्तरांहून अधिक अर्भके मेली. तेथील प्रयोगशाळेत लशीत क्षयाचे जहाल जंतू मिसळले गेले होते, असे चौकशीत ठरले. तथापि त्या आघाताने काल्मेत खचले. सन १९३३ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले.