विश्लेषण : खुब्याचा सांधा बदलल्यावर उकिडवे का बसू नये? सर जॉन चार्नली यांच्या संशोधनातील उत्तर

जुन्नर, आंबेगावात शेतातली खुरपणी असो की घरातले जेवण, बसणे जमिनीवरच. त्यामुळे खुब्याचा सांधा बदलून घरी आलेल्या रुग्णाला चाल पण वाकू नकोस, हा सल्ला अवघड वाटतो. हा सल्ला समजण्यासाठी आधुनिक खुबेरोपणाचे जनक सर जॉन चार्नली यांचे काम पाहावे लागते.

कोण होते चार्नली?
जन्म २९ ऑगस्ट १९११, इंग्लंडमधील बरी येथे. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. शिक्षण मँचेस्टरला. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. पुढे एका रुग्णाचा कृत्रिम सांधा चालताना करकरतो, हे त्यांच्या कानावर आले आणि ते घर्षणाच्या अभ्यासाकडे वळले.

प्रयोग कुठे फसला?
राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी सांध्याची वाटी टेफ्लॉनची केली. रुग्ण वेदनेविना चालू लागले. पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या आणि सुमारे ३०० रुग्णांचे यश धोक्यात आले. झिजलेल्या कणांचा परिणाम तपासण्यासाठी चार्नली यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. १९६२ मध्ये सहकारी हॅरी क्रेव्हन यांनी चाचणी घेतलेले पॉलिइथिलीन टिकाऊ ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ते वापरात आले.

आजच्या रुग्णाशी संबंध काय?
घर्षण घटावे म्हणून चार्नली यांनी सांध्याचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा ठेवला. लहान गोळा कमी झिजवतो, पण वाटीतून निसटण्याचा धोका वाढतो. आता मोठे गोळेही वापरतात. तरी भोवतालचे स्नायू भरून येईपर्यंत खुबा फार दुमडला, तर सांधा निखळू शकतो.

पहिल्या काही आठवड्यांत काय करावे?
शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरने चालणे सुरू होते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घोट्याचे व्यायाम करतात. उंच खुर्ची व कमोड वापरावा, मांडी घालू नये. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय टाकावा. पोटरी सुजली, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. बंधने किती दिवस, हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार डॉक्टरच ठरवतात.

चार्नली यांना १९७७ मध्ये सर किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. झीज मोजता यावी म्हणून मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी द्यावा, अशी विनंती ते आपल्या रुग्णांना करीत. शस्त्रक्रियेचे यश टाके काढल्यावर नव्हे, वर्षानुवर्षांच्या चालण्यातून ठरते, हे त्यांनी टेफ्लॉनच्या अपयशातून ओळखले होते.