सेवाव्रती बाबा आमटे
मुरलीधर देविदास उपाख्य बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे सधन जमीनदार कुटुंबात झाला. वरोऱ्यास असताना पावसात भिजत पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण पाहून ते भयाने दूर सरले; पुढे त्या भयाचीच त्यांना लाज वाटली व त्यांनी त्याची शुश्रूषा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून १९५१ मध्ये साधनाताई, सहा रुग्ण, एक लंगडी गाय व १४ रुपये यांसह त्यांनी आनंदवन वसविले. बोटे झडलेल्या हातांनी तेथे विहीर खणली, शेती पिकविली. कालांतराने अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही निघाल्या. कण्याच्या विकाराने बसणे अशक्य झाले असतानाही १९८५ मध्ये त्यांनी भारत जोडो अभियान काढले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते निवर्तले.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळण्यास मात्र २०१९ साल उजाडले. कायदा बदलला तरी गावाचे मन बदलणे आपल्याकडेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या गावातील दिव्यांगास शाळेत जागा, हातास काम व पंगतीत मानाचे पान मिळवून द्यावे, अशी आम्ही नम्र विनंती करतो.