बिली गोन्साल्वेस

अ‍ॅडेलिनो विल्यम गोन्साल्वेस तथा बिली गोन्साल्वेस (१० ऑगस्ट, १९०८:पोर्ट्समथ, र्‍होड आयलंड, अमेरिका - १७ जुलै, १९७७:कर्नी, न्यू जर्सी, अमेरिका) हे अमेरिकेचे व्यावसायिक फुटबॉल खेळाडू होते. १९३० आणि १९३४ च्या विश्वचषक स्पर्धांत त्यांनी अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. अमेरिकेतील सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा असलेला नॅशनल चॅलेंज कप (आताचा यू.एस. ओपन कप) त्यांनी आठ वेळा जिंकला. त्यांपैकी सहा विजेतेपदे १९३० ते १९३५ या काळात सलग मिळालेली आहेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे सर्वश्रेष्ठ अमेरिकन फुटबॉलपटू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

अमेरिकेत फुटबॉल या शब्दाने वेगळाच खेळ ओळखला जातो आणि जगभर फुटबॉल म्हणून खेळल्या जाणाऱ्या खेळास तेथे सॉकर म्हणतात. प्रस्तुत लेखात फुटबॉल हा शब्द सॉकर याच अर्थाने वापरला आहे.

पूर्वायुष्य

गोन्साल्वेस यांचे आईवडील पोर्तुगालच्या ताब्यातील मदेइरा बेटावरून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. गोन्साल्वेस हे पोर्तुगीज आडनाव गोवा व वसई परिसरामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. तथापि या कुटुंबाचा भारताशी संबंध नव्हता.

बिली यांचे बालपण मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर या शहराच्या परिसरात गेले. हे शहर कापसाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. गिरण्यांत काम करण्यासाठी इंग्लंडमधील लँकेशायर, स्कॉटलंड, फ्रेंच कॅनडा आणि पोर्तुगीज बेटे येथून हजारो कामगार आले. ब्रिटिश कामगारांनी आपल्याबरोबर फुटबॉल आणला आणि पुढे इतर समाजांनीही तो आपलासा केला. गिरणीच्या, मोहल्ल्याच्या आणि देशबांधवांच्या क्लबांचे संघ तयार झाले. अशा स्थानिक संघांतूनच गोन्साल्वेस यांचा खेळ घडला. १९२६ च्या सुमारास ते केंब्रिज येथील पोर्तुगीज समाजाच्या लुसिटानिया या क्लबकडून खेळू लागले.

खेळाची वैशिष्ट्ये

गोन्साल्वेस यांची उंची सहा फुटांहून अधिक होती आणि बांधा भक्कम होता. दोन्ही पायांनी तितकाच जोरदार फटका मारण्याची त्यांची क्षमता विख्यात होती. मात्र निव्वळ ताकद हे त्यांच्या खेळाचे मर्म नव्हते. चेंडूवरील ताबा, अचूक पास आणि सहकाऱ्यांच्या हालचालींचा आधीच येणारा अंदाज यांमुळे ते संघाच्या डावाचे केंद्र ठरत.

ते प्रामुख्याने इनसाइड राइट या स्थानावर खेळत. त्या काळी संघात पाच आघाडीचे खेळाडू असत. त्यांतील उजव्या टोकाचा खेळाडू आणि मधला आघाडीपटू यांच्या मधोमध हे स्थान असे. या खेळाडूस मागे येऊन चेंडू घ्यावा लागे, आघाडीस तो पुरवावा लागे आणि संधी मिळताच स्वतः गोलही करावा लागे. आजच्या परिभाषेत हे काम आक्रमक मध्यफळीतील खेळाडूचे होय. कारकिर्दीच्या उत्तरार्धात गोन्साल्वेस अधिक मागे, मध्यफळीत खेळू लागले.

व्यावसायिक कारकीर्द

बोस्टन आणि फॉल रिव्हर

१९२१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सॉकर लीगने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोठा लौकिक मिळवला होता. स्कॉटलंड व इंग्लंडमधील अनेक नामांकित खेळाडू चांगल्या वेतनासाठी या लीगमध्ये येत. १९२७ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गोन्साल्वेस या लीगमधील बोस्टन वंडर वर्कर्स या संघात दाखल झाले. तेथे अनुभवी स्कॉटिश खेळाडूंच्या सहवासात त्यांचा खेळ परिपक्व झाला. यांपैकी अ‍ॅलेक्स मॅकनॅब पुढे अनेक वर्षे त्यांचे सहकारी राहिले. १९२८ मध्ये बोस्टनने लीगचे विजेतेपद मिळवले.

याच वर्षी लीग आणि राष्ट्रीय फुटबॉल संघटना यांच्यात तीव्र संघर्ष सुरू झाला. नॅशनल चॅलेंज कपच्या सामन्यांमुळे लीगच्या वेळापत्रकात व्यत्यय येतो, असा लीगच्या चालकांचा आक्षेप होता. त्यांनी आपल्या क्लबांना या स्पर्धेत खेळण्यास मनाई केली आणि संघटनेने लीगला निलंबित केले. ज्या क्लबांनी लीगचा आदेश मानला नाही, त्यांची समांतर लीग उभी राहिली. ऑक्टोबर १९२९ मध्ये समेट झाला. परंतु त्याच महिन्यात न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीस आरंभ झाला. वादाने दुबळ्या झालेल्या क्लबांना सावरण्यास अवधी मिळाला नाही.

१९२९ मध्ये गोन्साल्वेस आपल्या गावच्या फॉल रिव्हर मार्क्समेन या संघात आले. संघाचे मालक सॅम मार्क यांनी मैदान शहरात न बांधता राज्याच्या सीमेपलीकडे र्‍होड आयलंडमध्ये बांधले होते, कारण मॅसॅच्युसेट्समधील कायद्यानुसार रविवारी व्यावसायिक सामने भरवता येत नसत आणि गिरणी कामगारांना मोकळा दिवस रविवारचाच असे. येथे गोन्साल्वेस आणि फॉल रिव्हरचेच आघाडीपटू बर्ट पॅटेनॉड यांची जोडी जमली. १९३० मध्ये मार्क्समेनने क्लीव्हलँडच्या ब्रुएल इन्शुरन्स संघाचा पराभव करून नॅशनल चॅलेंज कप जिंकला.

सलग सहा विजेतेपदे

मंदीमुळे फॉल रिव्हरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९३१ मध्ये शहराचा आर्थिक कारभार राज्याने नेमलेल्या मंडळाकडे सोपवावा लागला. बेकार कामगारांना तिकीट परवडेना, तेव्हा मार्क यांनी आपला संघ न्यू यॉर्कला हलवून त्याचे नाव न्यू यॉर्क यांकीज ठेवले. मात्र चॅलेंज कपसाठी नोंदणी आधीच झाल्यामुळे १९३१ चे विजेतेपद फॉल रिव्हरच्याच नावे नोंदले गेले. त्या अंतिम फेरीत शिकागोच्या ब्रिकलेयर्स संघाचा पराभव झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेल्या ग्लासगोच्या सेल्टिक संघाला यांकीजने बोस्टन येथे ४-३ असे हरवले. या सामन्यात गोन्साल्वेस यांनी तीन गोल केले. सेल्टिकने त्याच वर्षी स्कॉटिश कप जिंकला होता, हे ध्यानात घेता या विजयाचे मोल कळते.

न्यू यॉर्कमध्येही संघ टिकला नाही. तो न्यू बेडफर्ड येथे जाऊन न्यू बेडफर्ड व्हेलर्स या नावाने खेळू लागला आणि १९३२ चा चॅलेंज कप त्या नावाने जिंकला. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी सेंट लुइस येथील स्टिक्स, बेअर अँड फुलर हा संघ होता. हे नाव तेथील एका मोठ्या विक्री भांडाराचे असून तेच संघाचे पुरस्कर्ते होते. १९३३ मध्ये अमेरिकन सॉकर लीग मोडकळीस आली. गोन्साल्वेस यांनी पूर्व किनारा सोडला आणि आदल्या वर्षी हरवलेल्या याच सेंट लुइसच्या संघात ते दाखल झाले. मॅकनॅबही तेथे होते. १९३३ आणि १९३४ चे चॅलेंज कप या संघाने जिंकले. पुढे भांडाराने संघाचा पुरस्कार थांबवला आणि त्याची जागा सेंट्रल ब्रुअरीज या मद्य कंपनीने घेतली. १९३५ चे विजेतेपद तिच्या नावाने मिळाले.

अशा रीतीने सहा वर्षांत पाच निरनिराळ्या नावांच्या संघांतून गोन्साल्वेस यांनी सहा विजेतेपदे मिळवली. ही मालिका त्यांच्या गुणवत्तेची साक्ष आहे, तशीच त्या काळच्या अमेरिकन फुटबॉलच्या अस्थैर्याचीही आहे. ज्या स्पर्धेवर त्यांच्या लीगने एकदा बहिष्कार घातला होता, तीच स्पर्धा लीग नाहीशी झाल्यावर त्यांच्या कर्तृत्वाची मुख्य नोंद ठरली.

उत्तर कारकीर्द

१९३६ आणि १९३७ मध्ये सेंट लुइसचा हाच संघ शॅमरॉक्स या नावाने अंतिम फेरीत पोहोचला, पण दोन्ही वेळा पराभूत झाला. त्यानंतर गोन्साल्वेस यांनी शिकागो आणि न्यू जर्सीतील कर्नी येथील संघांकडून खेळ केला. पुढे ते न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन हिस्पॅनो संघात गेले. या संघाने १९४३ आणि १९४४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मॉर्गन स्ट्रॅसर संघाला हरवून चॅलेंज कप जिंकला. तेव्हा गोन्साल्वेस पस्तिशीत होते. १९४७ नंतरही न्यूअर्क येथील जर्मन समाजाच्या क्लबकडून ते काही वर्षे खेळत राहिले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

१९३० मध्ये उरुग्वे येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत तेरा देश सहभागी झाले होते. अमेरिकेने बेल्जियम व पेराग्वे यांना प्रत्येकी ३-० असे हरवून उपांत्य फेरी गाठली. २६ जुलै रोजी माँतेविदेओ येथे अर्जेंटिनाविरुद्ध मात्र अमेरिकेचा ६-१ असा पराभव झाला. बदली खेळाडू घेण्याची मुभा त्या काळी नव्हती. राफेल ट्रेसी यांचा पाय मोडला व गोलरक्षक जिमी डग्लस जायबंदी झाले. मध्यंतराला अर्जेंटिनाकडे एकाच गोलची आघाडी होती. उरलेले पाच गोल उत्तरार्धात झाले. या तिन्ही सामन्यांत गोन्साल्वेस खेळले. उपांत्य फेरी ही अमेरिकेच्या पुरुष संघाची विश्वचषकातील आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे.

पेराग्वेविरुद्धचे तिन्ही गोल पॅटेनॉड यांचे होते. विश्वचषकाच्या इतिहासातील ही पहिली हॅटट्रिक. परंतु त्यांतील एका गोलच्या नोंदीबद्दल मतभेद असल्याने फिफाने तिला २००६ मध्ये मान्यता दिली. या पिढीच्या पराक्रमाची दखल किती उशिरा घेतली गेली, हे यावरून दिसते.

१९३४ मध्ये रोम येथे २४ मे रोजी झालेल्या पात्रता सामन्यात अमेरिकेने मेक्सिकोला ४-२ असे हरवले. तीन दिवसांनी यजमान इटलीने अमेरिकेचा ७-१ असा पराभव केला आणि पुढे विश्वचषकही जिंकला. हा गोन्साल्वेस यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. त्या वेळी ते केवळ पंचवीस वर्षांचे होते. पंचवीस वर्षांच्या क्लब कारकिर्दीच्या तुलनेत त्यांच्या वाट्याला अवघे सहा आंतरराष्ट्रीय सामने आले, कारण अमेरिकेचा राष्ट्रीय संघच त्या काळी क्वचित खेळत असे.

सन्मान आणि वारसा

१९५० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या तुकडीतच गोन्साल्वेस यांचा समावेश झाला. त्याच वर्षी ब्राझीलमधील विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवले. त्या संघातील जॉन सूझा आणि एड सूझा हे दोघेही फॉल रिव्हरच्या पोर्तुगीज समाजातील होते. गिरण्या आणि व्यावसायिक संघ गेले, तरी त्या वस्तीतील खेळ जिवंत राहिला होता.

गोन्साल्वेस यांना अमेरिकन सॉकरचा बेब रूथ असे संबोधले जाते. बेब रूथ हे त्यांच्याच काळातील बेसबॉलचे महान खेळाडू. गोन्साल्वेस यांची थोरवी देशबांधवांना पटवून देण्यासाठी दुसऱ्या खेळातील नावाचा आधार घ्यावा लागला. रूथ यांच्या बाबतीत तशी गरज कधी भासली नाही. गोन्साल्वेस यांची बहुतेक विजेतेपदे ज्या संघांसाठी होती, त्यांपैकी एकही संघ त्यांच्या निवृत्तीच्या वेळी अस्तित्वात नव्हता.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे वास्तव्य कर्नी येथे होते. स्कॉटिश स्थलांतरितांमुळे हे गाव फुटबॉलसाठी ओळखले जाते. तेथेच १७ जुलै १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

नॅशनल चॅलेंज कप विजेतेपदे

१९३० - फॉल रिव्हर मार्क्समेन
१९३१ - फॉल रिव्हर (न्यू यॉर्क यांकीज)
१९३२ - न्यू बेडफर्ड व्हेलर्स
१९३३, १९३४ - स्टिक्स, बेअर अँड फुलर
१९३५ - सेंट्रल ब्रुअरीज
१९४३, १९४४ - ब्रुकलिन हिस्पॅनो