पेडण्याचे भाऊ दाजी : शिकता शिकता शिकवणारा विद्यार्थी

पेडणे : मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलात, तर शेजारीच एक देखणे जुने संग्रहालय दिसते. त्यावर नाव आहे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. रोज कितीतरी लोक ते नाव वाचतात. पण हा माणूस आपल्या पेडणे तालुक्यातला, मांद्र्याचा, हे खुद्द पेडण्यातही फार जणांना ठाऊक नसते. आज कॉलेजात इंटर्नशिप सक्तीची होत असताना त्यांच्या शिक्षणाची गोष्ट मुलांनी आणि पालकांनीही वाचावी अशी आहे.

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरी त्यांना भाऊ म्हणत आणि वडिलांना दाजी. त्यातून 'भाऊ दाजी' हे नाव पडले ते कायमचे. जन्म १८२२ चा. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला होता. म्हणजे भाऊ जन्मले तेव्हा राज्य पोर्तुगीजांचे होते, पण घरातली आणि बाजारातली बोली आपलीच होती. सोयरीक आणि देवदेवस्की तेरेखोलच्या दोन्ही काठांवर चालायची. सीमा कागदावर होती, माणसांत नव्हती. आजही बरेचसे तसेच आहे म्हणा!

घरची परिस्थिती बेताची. पुढच्या शिक्षणासाठी भाऊ मुंबईला आले. त्यांचे बुद्धिबळातले डोके बघून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना मुलाला इंग्रजी शाळेत घालायला सांगितले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. ते एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. देवगडकडच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर त्या काळात याच संस्थेत शिकवत होते. म्हणजे कोकणातल्या पोरांना तिथे आपल्या बाजूचा एक मोठा माणूस डोळ्यासमोर होता.

इथून पुढे भाऊंचे शिक्षण आणि काम वेगळे काढता येत नाही. कच्छ-काठेवाडात जाडेजा घराण्यांत मुलगी जन्मली की तिला मारून टाकण्याची चाल होती. त्यावर निबंधस्पर्धा जाहीर झाली, भाऊंनी निबंध लिहिला आणि बक्षीस मिळवले. तो पुढे छापलाही गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर विद्यार्थ्याने केलेला हा प्रोजेक्टच. पण तो गुणांपुरता नव्हता. विषय जिवंत होता, कारण तिकडे खरेच मुली मरत होत्या.

याच सुमारास ज्या संस्थेत शिकले, तिथेच त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. काल बाकावर बसणारा पोरगा आज फळ्यासमोर उभा. एल्फिन्स्टनमध्ये ही रीतच होती म्हणायला हरकत नाही. दादाभाई नौरोजीही तिथेच शिकले, तिथेच आधी साहाय्यक शिक्षक आणि मग प्राध्यापक झाले. शिकवायला लागले की आपल्याला नेमके काय कळले नाही ते लगेच उघडे पडते. शिवाय पगार घरी जातो. गरिबाघरच्या मुलाला दोन्हींची गरज असते.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि शिक्षक म्हणून बस्तान बसत आलेले भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. हा निर्णय सोपा नव्हता. इंग्रजी वैद्यकी म्हणजे प्रेत कापून शिकायचे, आणि जुन्या वळणाच्या घरांना ते रुचणारे नव्हते. त्यात हा कोर्स कधी संपणार, संपल्यावर लोक आपल्याकडे येणार की वैद्याकडेच जाणार, काहीच सांगता येत नव्हते. आधी कुणी तो पुरा केलेलाच नव्हता.

या कॉलेजची खरी ताकद शेजारी होती. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. हॉस्पिटल कॉलेजला लागूनच. सकाळी वर्गात जे ऐकायचे, ते वॉर्डात रोग्याच्या खाटेपाशी बघायचे, आणि चुकले तर सांगायला वरचा डॉक्टर हजर. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली ती अवघ्या आठ जणांची. त्यात भाऊ दाजी होते, पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग होते, आणि वनस्पतिशास्त्रात नाव काढणारे गोव्याचेच डॉ. लिस्बोआ होते. भाऊंच्या मागोमाग धाकटे बंधू नारायणही तिथूनच डॉक्टर झाले.

याच वर्षांत मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. १८४९ पासून या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि आपले काम सांभाळून तिथे फुकट शिकवले. भाऊ दाजी पुढे या सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाने मुलींची शाळाही निघाली. निबंधात मुलींच्या जिवाबद्दल लिहिणारा विद्यार्थी पुढे मुलींच्या शिक्षणाच्या मागे उभा राहिला, हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

डॉक्टर झाल्यावर त्यांचा जम लवकर बसला. गरिबांना ते फुकट औषध देत. संस्कृत वैद्यकग्रंथ वाचून त्यातली औषधे रोग्यांवर पारखून बघत. कुष्ठरोगावर त्यांनी आपल्याकडच्या रानात होणाऱ्या कडू कवठाच्या तेलाचा उपयोग केला. औषध काय ते उघड करायला वेळ लावला म्हणून टीकाही सोसली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, तिच्या चिटणिसांत ते होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले, तेव्हा पहिल्या फेलोंच्या यादीत त्यांचे नाव होते. जुने शिलालेख वाचले, नाणी जमवली, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. वय जेमतेम पन्नाशीच्या पुढे. ज्या संग्रहालयासाठी ते खपले, त्याला १९७५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

एवढे सगळे करायची सवय त्यांना डॉक्टरकी मिळाल्यावर लागली नाही. ती विद्यार्थिदशेतच लागली होती.

आता आपल्याकडे बघू. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजातली किंवा डिचोलीच्या झांट्ये कॉलेजातली मुले काम करत नाहीत असे नाही. सीझनला मांद्रे-मोरजीच्या हॉटेलांत, मोपा विमानतळावर, दुकानांच्या हिशेबात कितीतरी पोरे-पोरी राबतात. पत्रादेवीपलीकडून, दोडामार्गाहूनही येतात. आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत इंटर्नशिपही आणली. पण तिचे सर्टिफिकेट मिळाले म्हणजे अनुभव मिळाला असे नव्हे. कॉमर्सच्या मुलाने दोन महिने नुसत्या झेरॉक्स काढल्या, तर त्याला ताळेबंद कळणार कसा?

भाऊ दाजींच्या कामात तीन गोष्टी होत्या. काम शिकण्याशी जुळलेले होते. चूक दाखवायला वरचा माणूस होता. आणि शिक्षक म्हणून केलेल्या कामाला मोबदला होता. यातली शेवटची गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याच्या घरात महिन्याला पैसे यायलाच हवेत, तो फुकटची इंटर्नशिप कशी करणार? मग चांगला अनुभव खातापित्या घरच्या मुलांकडेच जाणार.

तेव्हा इंटर्नशिपच्या फॉर्मवर सही करण्याआधी मुलांनी बेधडक विचारावे: मी इथे काय शिकणार, माझे काम कोण तपासणार आणि मला काय मिळणार? कॉलेजांनी आणि कंपन्यांनीही याची उत्तरे तयार ठेवावीत. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांद्र्याच्या एका बेताच्या घरातल्या पोराला ही सोय मिळाली आणि मुंबईला एक डॉक्टर मिळाला. आजच्या पोरांना ती मिळाली, तर आपल्या भागालाही मिळतील.