जगाच्या पैशाचे नियम ठरत होते, तेव्हा रोह्याचा एक माणूस भारताची उधारी मागत होता

रोह्याच्या एसटी स्टँडबाहेर चहा प्यायला उभे राहा. दहा मिनिटांत कुणीतरी डॉलरचा विषय काढणारच.

यात नवल काही नाही. या पट्ट्यात कुणाचा मुलगा गल्फला असतो, कुणाचा भाचा मर्चंट नेव्हीत, कुणाचा जावई उरणच्या बंदरात. तिकडे समुद्रात तणाव वाढला की इकडे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या घरांत फोन खणखणतात. त्यामुळे तेल महागणार का, रुपया अजून पडणार का, अमेरिका काय करणार, या सगळ्यावर टपरीवर तावातावाने बोललं जातं.

२०२५ च्या मे महिन्यातही असाच एक वाद रंगला होता. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे १ अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानापासून दूर राहिला. मग प्रश्न सुरू झाले. आपण विरोध का नाही केला? तिथे आपलं वजन किती? आणि हे वजन ठरवलं कुणी?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलात, तर वाट पुन्हा रोह्यालाच येते. कारण हे वजन ठरत होतं तेव्हा त्या खोलीत रोह्याचे चिंतामणराव देशमुख बसले होते.

मास कॉमला असताना ब्रेटन वूड्स हे नाव आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तिथे आपल्या कोकणातलं कुणी होतं, हे मला फार उशिरा कळलं.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा. गाव नाते, तालुका महाड. महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना हे गाव लागतं. घराणं रोह्याचं, वडील वकील. कुंडलिका नदी रोह्यावरून पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते, त्या खोऱ्यात त्यांचं बालपण गेलं.

पोरगा हुशार होता म्हणणं म्हणजे कमीच सांगणं. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकावली. राम गणेश गडकऱ्यांनी या पोरावर चक्क कविता केली. मॅट्रिकच्या निकालावर कविता! आज फार तर चौकात फ्लेक्स लागतो.

पुढे केंब्रिजचं जीझस कॉलेज. विषय वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्रातलं बक्षीसही मिळवलं. १९१८ ला लंडनमध्ये आयसीएसची परीक्षा दिली, त्यातही पहिला नंबर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी सुरू झाली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते सचिव म्हणून काम करत होते.

खरी गोष्ट सुरू होते १९३९ ला. जुलैमध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. १९४१ च्या डिसेंबरात डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर जेम्स टेलर वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुन्या नोटा जमवणाऱ्या एखाद्या काकांकडे सहावे जॉर्ज यांचं चित्र असलेली नोट असेल तर सही नीट बघा, देशमुखांची असू शकते.

पण मान मोठा असला तरी काळ भयंकर होता. तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

युद्धासाठी ब्रिटन भारतातून धान्य, कापड, पोलाद, सगळं उचलत होता. पैसे? ते लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पाउंडमध्ये जमा दाखवले जायचे. त्या पाउंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपयाच्या नोटा छापायची आणि त्या नोटांनी इथला माल विकत घेतला जायचा.

म्हणजे असं बघा. गावातल्या मालकाने तुमच्या दुकानातून रोज पोती उचलायची, वहीत उधारी लिहायची आणि वही स्वतःच्या घरी ठेवायची. वहीतला आकडा वाढत जातो, तुमचं दुकान मात्र रिकामं होतं.

युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहा पटीहून जास्त वाढल्या. माल कमी आणि नोटा जास्त, त्यामुळे भाव भडकले. १९४३ ला बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. त्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत, पण युद्धकाळातली महागाई त्यात नक्की होती. आणि युद्ध संपलं तेव्हा लंडनच्या वहीत भारताच्या नावावर सुमारे १३० कोटी पाउंड जमा होते. यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणतात.

गुलाम देश सावकार आणि साम्राज्य कर्जदार, असा हा उफराटा हिशेब. हे कर्ज कमी करून घ्यावं, भारताचं रक्षण केल्याचा खर्च त्यातून वळता करावा, असं चर्चिल यांच्या मनात होतं. भारतातल्या लोकांना नेमकी हीच भीती होती.

आता या जुलै १९४४ मध्ये.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वूड्स इथल्या मोठ्या हॉटेलात ४४ देशांचे ७०० हून जास्त प्रतिनिधी जमले. युरोपात नॉर्मंडीची चढाई होऊन महिना झाला होता. इम्फाळ-कोहिमाची लढाई नुकतीच संपत आली होती. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालणार, हे इथे ठरणार होतं. नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्था इथेच जन्मल्या.

भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, व्हाइसरॉयच्या सरकारचे अर्थ सदस्य. सोबत सल्लागार थिओडोर ग्रेगरी. हे दोघे इंग्रज. भारतीय म्हणजे देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ. सचिव होते बी. के. मदान. देश पारतंत्र्यात आणि शिष्टमंडळ सरकारी. हे इंग्रजांच्या होला हो करतील, अशी शंका घ्यायला जागा होती.

झालं उलटंच.

भारताने मागणी केली की या शिलकीचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा. कारण भारताला यंत्रं हवी होती आणि ती अमेरिकेत मिळत होती. पाउंड नुसते लंडनमध्ये पडून राहून काय उपयोग? वर भारताने निर्यातीतून कमावलेले डॉलरही साम्राज्याच्या सामायिक गंगाजळीत जात होते, तिची किल्ली लंडनकडे.

ब्रिटन आणि अमेरिका, दोघांनीही नाही म्हटलं. हा तुमचा आपसातला मामला, तो नाणेनिधीत आणू नका, अशी भूमिका घेतली. ब्रिटनच्या बाजूने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी हे कर्ज सन्मानाने फेडू, असं भर परिषदेत सांगितलं. मागणी फेटाळली गेली. पण कर्ज आहे आणि ते फेडायचं आहे, ही गोष्ट ४४ देशांसमोर बोलली गेली. माझ्या मते भारताच्या हाती लागलेली ही छोटी नव्हे, मोठी गोष्ट होती.

दुसरा मुद्दा गरिबीचा. मागास देशांचा विकास हा नाणेनिधीच्या उद्देशांत असावा, असा भारताचा आग्रह होता. तो जसाच्या तसा मान्य झाला नाही. सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास, असे मोघम शब्द मात्र कलमात आले.

तिसरा मुद्दा कोट्याचा, म्हणजेच टपरीवरच्या त्या प्रश्नाचा. नाणेनिधीत कोण किती पैसे घालणार, यावर मतांचं वजन ठरतं. पहिल्या पाच देशांना कार्यकारी मंडळावर हक्काची जागा होती. अमेरिका २७५ कोटी डॉलर, ब्रिटन १३०, सोव्हिएत रशिया १२०, चीन ५५, फ्रान्स ४५. चीनच्या फार मागे राहायचं नाही म्हणून भारताने ताणून धरलं आणि ४० कोटी मिळवले. नंबर सहावा. एका जागेने हुकली म्हणायची वेळ.

पण मग रशियाने सभासद व्हायचं टाळलं. भारत पाचवा झाला आणि स्वतंत्र व्हायच्या आधीच त्याला हक्काची खुर्ची मिळाली. पुढे जर्मनी, जपान वर सरकले आणि पहिल्या पाचातलं स्थान गेलं. आज त्या मंडळावर भारत बांगलादेश, श्रीलंका आणि भूतानसह एका गटाचा प्रतिनिधी म्हणून बसतो.

स्टर्लिंग शिलकीचं पुढे काय झालं? पैसे आले, पण हप्त्याहप्त्याने. ब्रिटिश सैन्याने मागे सोडलेलं सामान आणि इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शनं यांची किंमत १९४८ च्या करारात त्यातूनच वळती झाली.

तोवर देशमुखांसमोर फाळणी उभी होती. काही महिने भारत आणि पाकिस्तान, दोघांची मध्यवर्ती बँक एकच होती, ती म्हणजे रिझर्व्ह बँक. भारताच्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. मग काश्मीर पेटलं, ५५ कोटींचा वाद झाला. बँक दिल्लीच्या इशाऱ्यावर चालते, असा आरोप पाकिस्तानने केला. ही सामायिक व्यवस्था सप्टेंबर १९४८ पर्यंत चालायची होती, ती ३० जूनलाच गुंडाळली.

रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४९ ला झालं, जूनअखेर देशमुख गव्हर्नरपदावरून उतरले. त्याच वर्षी त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिना वारल्या. १९५० ला नाणेनिधी आणि जागतिक बँकेची वार्षिक सभा पॅरिसला भरली, तिचे अध्यक्ष देशमुख होते.

त्याच वर्षी जूनमध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. आल्याआल्या कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि जगभर कच्च्या मालाचे भाव चढले. शिवाय १९४९ ला पाउंडापाठोपाठ भारताने रुपयाचं मूल्य घटवलं होतं, पाकिस्तानने घटवलं नव्हतं. त्यांचे १०० रुपये म्हणजे आपले १४४. भारताने हा दर नाकारला आणि व्यापार ठप्प झाला. ताग पूर्व बंगालमध्ये, गिरण्या कलकत्त्याला. शेवटी फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला. टपरीवर असा निर्णय कुणालाच पटला नसता, पण गिरण्यांना ताग हवा होता.

१९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पुढच्या वर्षी घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी त्यांचं लग्न झालं, साक्षीदारांत स्वतः नेहरू होते. १९५५ ला इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं.

पण त्याच आठवड्यात मुंबई पेटलेली होती.

मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा १६ जानेवारीला झाली होती. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांच्या नावाचा चौक आज फोर्टमध्ये आहे. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही होत नाही, या दोन गोष्टी देशमुखांना मान्य नव्हत्या. त्यांनी राजीनामा दिला. काही महिने मनधरणी झाली. जुलै १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत उभं राहून नेहरूंच्या कारभारावर स्पष्ट टीका केली आणि ते बाहेर पडले. दोघांत वैर नव्हतं, म्हणून ते जास्त बोचलं असणार.

महाराष्ट्राला चिंतामणराव आठवतात ते याच प्रसंगासाठी. ते योग्यच आहे. पण त्यामुळे ब्रेटन वूड्सचे देशमुख मागे पडले.

यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ला स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं, गिरी आणि संजीव रेड्डींनंतर ते तिसरे आले. ही हार झाकायचं कारण नाही, राजकारण हा त्यांचा प्रांत नव्हताच.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम वेगळंच आहे. दिल्लीत लोधी गार्डनला लागून इंडिया इंटरनॅशनल सेंटर आहे. १९६२ ला सुरू झालेल्या या संस्थेचे देशमुख संस्थापक अध्यक्ष. राजदूत, लेखक, अर्थतज्ज्ञ, शास्त्रज्ञ यांनी एकत्र बसायचं, जगाबद्दल बोलायचं, वाद घालायचा आणि मग एकत्र जेवायचं, यासाठीची ही जागा. ठराव नाही, मतदान नाही. ब्रेटन वूड्सला शब्दाशब्दावर भांडलेल्या माणसाला अशी जागा हवीशी वाटली, यात आश्चर्य नाही.

संस्कृत त्यांनी कधी सोडलं नाही. गांधीजींची वचनं त्यांनी संस्कृत श्लोकांत आणली, स्वतःच्या संस्कृत कविताही छापल्या. १९७५ ला पती-पत्नी दोघांना पद्मविभूषण मिळालं. १९८१ ला दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादमध्ये चिंतामणराव गेले.

त्याच्या आदल्या वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं. देशमुख जिथून निवडून आले, त्या मतदारसंघाचं नाव मात्र २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत कुलाबाच राहिलं.